टाकाऊतून टिकाऊ : बागुलबुवाचा खोका

पूर्वी पुठ्ठ्याचा खोका घरात यायचा तो नवा मिक्सर घेतला तर, नाहीतर दिवाळीची खरेदी झाली तर. आता दर आठवड्याला कुणीतरी पार्सल घेऊन दारात उभे असते. पुस्तके येतात, चपला येतात, मुलांच्या वह्या येतात, आणि प्रत्येक वस्तूबरोबर एक खोका येतो. वस्तू कपाटात जाते आणि खोका पलंगाखाली. रद्दीवाला त्याच्या सवडीने येणार, तोवर झुरळांची मात्र छान सोय होते.

अशाच एका खोक्यातून आज आपण भेटवस्तू द्यायचा डबा करणार आहोत. पण नेहमीसारखा फुलापानांचा, जरीच्या फितीचा नव्हे हं. हा चांगला भयानक करायचा. वटारलेले डोळे, आ वासलेले तोंड, दातांची रांग आणि बाहेर लोंबणारी लाल जीभ. थोडक्यात काय, बागुलबुवाचा खोका!

सात-आठ वर्षांच्या पुढच्या मुलांना असला डबा फार आवडतो. वाढदिवसाला द्या, मे महिन्याच्या सुटीत मुलांना घेऊन करा, नाहीतर भाचरे परदेशी असतील तर त्यांच्यासाठी करून ठेवा. अलीकडे आपल्याकडच्या सोसायट्यांतली मुलेही ३१ ऑक्टोबरला हॅलोविन करतात, त्या दिवशी खाऊ वाटायलाही हा उपयोगी पडेल. हा सण मूळचा आयर्लंड आणि स्कॉटलंडकडचा. सुगी संपून थंडीचे दिवस सुरू होताना तिथले जुने केल्टिक लोक जो सण पाळत, त्याची १ नोव्हेंबरच्या ख्रिस्ती संतांच्या दिवसाशी पुढे सांगड बसली. आयर्लंडमध्ये सलगमासारखे कंद कोरून त्यांत दिवा ठेवीत. तिथली माणसे अमेरिकेत गेली तेव्हा त्यांच्या हाती मोठाले भोपळे लागले, आणि कंदाची जागा भोपळ्याने घेतली. आपणही भोपळ्याचा थोडा भाग घेणार आहोत, पण तो कशासाठी ते कृतीत सांगते.

"शुभ प्रसंगाला भुतं कशाला?"

हे काम काढले की घरातल्या मोठ्या माणसांकडून पहिला प्रश्न हाच येतो. आमच्या सासूबाईंनीही विचारले, "अगं, वाढदिवसासारख्या शुभ प्रसंगाला हे भुताखेतांचं कशाला?" प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तरही आपल्याच घरात आहे.

नरकचतुर्दशीला पहाटे अंघोळ करून आपण पायाखाली कारीट फोडतो, ते नरकासुर म्हणूनच ना? गोव्यात तर आदल्या रात्री गल्लोगल्ली नरकासुराचे अक्राळविक्राळ पुतळे उभे राहतात. सांगाडा, गवत आणि जुने कागद यांतून पोरे ते तयार करतात आणि पहाटे जाळून टाकतात. नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत निघते. वर्षभराची रोगराई आणि पीडा तिच्याबरोबर गावाबाहेर जावी, म्हणून तिची मिरवणूक काढून शेवटी तिला जाळतात. जव्हार-मोखाड्याकडच्या बोहाड्यात देवांचे मुखवटे नाचतात, तसे राक्षसांचेही नाचतात, आणि त्यांतले कितीतरी कागदाच्या लगद्याचे असतात. आणि शिवमंदिराच्या उंबऱ्यावरचे कीर्तिमुख आठवा. वटारलेले डोळे आणि उघडा जबडा! ते ओलांडूनच आपण गाभाऱ्यात जातो.

म्हणजे भयानक तोंड करणे ही काही वाइटाला घरात बोलावण्याची रीत नव्हे. वाइटाला नाक-डोळे दिले की त्याला पायाखाली फोडता येते, जाळता येते, उंबऱ्यावर राखण करायलाही बसवता येते. हे सगळे सांगितल्यावर सासूबाई हसल्या आणि शिवणाच्या डब्यातली दोन मोठी काळी बटणे काढून म्हणाल्या, "घे, तुझ्या नरकासुराला डोळे."

बागुलबुवा कुणाच्या हातात?

आपल्याकडे भीतीचा आणखी एक उपयोग होतो, आणि तो मला मुळीच पसंत नाही. "जेव, नाहीतर बागुलबुवा येईल." "झोप, नाहीतर पोलिसाला बोलावीन." "गप्प बस, नाहीतर डॉक्टरकाकांना सुई टोचायला सांगेन." ही वाक्ये आपल्या तोंडात इतकी बसली आहेत, की त्यात काही वावगे आहे असे वाटतच नाही. घास घशाखाली उतरतो हे खरे, पण त्याच्याबरोबर भीतीही उतरते. जत्रेत किंवा स्टेशनवर हरवलेल्या पोराने पोलिसाकडे जायला हवे. त्याला पोलिसाचीच भीती घातलेली असेल, तर ते कुणाकडे जाईल? आजारी पडल्यावर ज्याच्याकडे न्यायचे, त्याच डॉक्टरचा आपण राक्षस करून ठेवतो.

उलट, मुलांना घाबरायला आवडतेही, हे आपण सगळ्याजणी जाणतो. 'चांदोबा' मासिकातला वेताळ आपणही पांघरुणातून डोके बाहेर काढून वाचलाच की! रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या' नाटकातली चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी गाजवली. २०१८ साली ते नाटक पुन्हा रंगभूमीवर आले तेव्हा वैभव मांगले चेटकीण झाले. नव्या पिढीची मुलेही तिला पाहून किंचाळली आणि तरी पुन्हा नाटकाला चला म्हणून मागे लागली. असे का व्हावे? कारण तिथे भीती रंगमंचावर असते, आईचा हात शेजारी असतो आणि पडदा पडणार हे ठाऊक असते. धमकीतल्या बागुलबुवाला पडदाच नसतो. तो मोठ्यांच्या हातात असतो, आणि ते त्याला कधीही बोलावू शकतात.

आपल्या खोक्यातला बागुलबुवा मात्र मुलाच्या हातात द्यायचा आहे. त्याला दात किती, डोळे केवढे, हे मुलानेच ठरवायचे. शेवटी त्याची जीभ ओढून त्याच्या पोटातला खाऊही मुलानेच काढायचा.

साहित्य

पार्सलाचा एक मध्यम आकाराचा खोका, जुनी वर्तमानपत्रे, मैदा, तुरटीचा लहानसा खडा, जुन्या सुती साडीच्या किंवा धोतराच्या चिंध्या, मोडक्या छत्रीचे काळे कापड, एखादी लाल लग्नपत्रिका, लाल भोपळ्याच्या वीस-पंचवीस बिया, पिस्त्याची दहा टरफले, नारळाची शेंडी, बाटलीची पत्र्याची दोन झाकणे, औषधाच्या गोळ्यांची रिकामी चंदेरी पट्टी, दोन काळी बटणे, लाल कापडाचा तुकडा, फाटक्या मच्छरदाणीचा तुकडा, जुन्या कॅलेंडरचे एक पान. त्याशिवाय कात्री, कटर, पट्टी, पेन्सिल, फेव्हिकॉल आणि शाई संपलेले एक बॉलपेन. बॉलपेन फेकू नका, त्याचे फार काम आहे.

विकत आणायचे झालेच तर फक्त फेव्हिकॉल. बाकी सगळे घरात नसेल तर शेजारी नक्की असेल.

आधी पुठ्ठ्याची ओळख

खोक्याचा पुठ्ठा कडेने पाहा. वर एक सपाट कागद, खाली एक सपाट कागद आणि मध्ये पन्हाळी पत्र्यासारखा लाटा असलेला कागद दिसेल. या लाटांमुळेच तो हलका असून दणकट असतो. गंमत म्हणजे असा लाटांचा कागद पहिल्यांदा खोक्यासाठी झालाच नव्हता. १८५६ साली इंग्लंडमध्ये त्याचे पेटंट घेतले गेले ते पुरुषांच्या उंच टोप्यांना आतून अस्तर लावण्यासाठी. काचेच्या बाटल्या गुंडाळायला तो वापरायची कल्पना पुढे १८७१ साली अमेरिकेत निघाली.

आपल्याला यातून एवढेच लक्षात ठेवायचे, की लाटांच्या दिशेने पुठ्ठा सहज दुमडतो आणि आडव्या दिशेने दुमडताना कुठेही वेडावाकडा मोडतो. म्हणून दुमडण्याआधी प्रत्येक रेघेवर पट्टी धरून शाई संपलेले बॉलपेन जोर देऊन दोन-तीनदा फिरवावे. पुठ्ठा कापला जाऊ नये, नुसता दबावा. मग घडी वाण्याच्या पुडीसारखी सरळ पडते.

खोका निवडताना तेलकट डाग पडलेला किंवा ओल लागलेला घेऊ नये. त्यावर खळ धरत नाही आणि पुढे बुरशी येते. आपल्या नावा-पत्त्याचा आणि फोन नंबरचा कागद आधी सोलून फाडून टाकावा. चिकटपट्टी निघत नसेल तर तेवढा भाग कापून वगळावा. मग पुठ्ठा सपाट करून दोन तास कडक उन्हात ठेवावा, म्हणजे घड्यांतली झुरळांची अंडी असतील तर ती झटकून काढता येतात.

कृती

खळ : दोन मोठे चमचे मैदा थोड्या थंड पाण्यात गुठळी न ठेवता कालवावा. एक वाटी पाणी उकळून त्यात तो हळूहळू ओतावा आणि मंद आचेवर ढवळत राहावे. पातळ पिठल्याइतपत झाले, चकाकी आली की चिमूटभर तुरटीची पूड घालून उतरवावे. खळीला कीड लागू नये म्हणून बुक-बाइंडर तीत मोरचूद घालतात. आपण ते मुळीच घालायचे नाही. मोरचूद विषारी असते आणि या डब्यात खाऊ जाणार आहे. लागेल तेवढीच खळ करावी, उरलेली दुसऱ्या दिवशी आंबते.

डबा : पुठ्ठ्याचा १४ इंच लांब आणि १२ इंच रुंद तुकडा कापावा. चारही कडांपासून ३ इंच आत पेन्सिलीने रेघा माराव्या. मध्ये ८ इंच बाय ६ इंचाचा तळ मिळेल आणि चार कोपऱ्यांत ३ इंचाचे चार चौकोन. हे चौकोन कापून बाजूला ठेवावे, त्यांचे पंजे करायचे आहेत. तळाच्या चारही रेघा बॉलपेनने दाबून भिंती वर उचलाव्या. दाबलेली रेघ आतल्या बाजूला यावी. कोपरे पिनांनी टोचू नयेत. इंचभर रुंदीच्या सुती चिंध्या खळीत भिजवून कोपऱ्यांवर आतून-बाहेरून चिकटवाव्या. वाळल्या की कोपरा लाकडासारखा कडक होतो.

झाकण : डबा पूर्ण वाळल्यावरच झाकणाचे माप घ्यावे. डबा उपडा ठेवून भोवती पेन्सिल फिरवावी आणि त्या रेघेच्या बाहेर चारही बाजूंनी एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, सोडून दुसरी रेघ मारावी. तिच्याबाहेर दीड इंचाची कड ठेवून कापावे. कोपरे आधीसारखेच काढून, कडा दुमडून, चिंध्या लावाव्या.

अस्तर : वर्तमानपत्राचे तळहाताएवढे तुकडे हातानेच फाडावे, कात्रीने कापू नयेत. फाटलेली कड पातळ असते, त्यामुळे एकावर एक छान बसते. डब्याला आणि झाकणाला बाहेरून दोन थर द्यावेत आणि आतूनही एक द्यावा. आतला थर कंटाळा करून टाळू नका. एकाच बाजूने कागद लावला की तो वाळताना आक्रसतो आणि पुठ्ठा पापडासारखा वळतो. दोन्ही बाजूंनी लावला की ओढ सारखी होते. डबा पंख्याखाली सावलीत वाळवावा. घाईने उन्हात ठेवला तर वाकडा होतो.

चेहरा : इथून पुढचे काम मुलांचे. झाकण म्हणजे बागुलबुवाचे डोके. त्यावर छत्रीचे काळे कापड फेव्हिकॉलने ताणून चिकटवावे. रंग द्यायला नको, ब्रश धुवायला नको, आणि छत्रीच्या जुन्या कापडाची विरलेली, विटलेली झाक भुताला शोभतेही फार! नारळाची शेंडी विंचरून वर केस लावावेत. पत्र्याच्या झाकणांत चंदेरी पट्टीचा कागद दाबून बसवावा, मध्ये काळे बटण चिकटवावे आणि हे डोळे झाकणाच्या पुढच्या भागावर लावावेत. एक डोळा थोडा तिरका लावला की चेहरा जास्त भयानक दिसतो.

डब्याच्या पुढच्या भिंतीवर लग्नपत्रिकेचा लाल कागद लावावा. हे तोंड झाले. आता दात. आले ना लक्षात? भोपळ्याच्या बिया! गर काढून, स्वच्छ धुऊन, दोन दिवस कडक वाळवलेल्या बिया झाकणाच्या पुढच्या कडेला आतून ओळीने चिकटवाव्या. टोके खाली आणि कडेबाहेर आलेली असावीत. झाकण लावले की पांढरे दात लाल तोंडात रुतल्यासारखे दिसतात. बिया ओलसर असतील तर मुंग्या येतात, हे विसरू नये.

लाल कापडाची दोन इंच रुंद, पाच इंच लांब जीभ कापून तिचे एक टोक दातांच्या मागे, झाकणाच्या कडेला आतून पक्के चिकटवावे. जीभ बाहेर लोंबेल. तीच धरून वर उचलली की झाकण उघडते. बाजूला ठेवलेल्या चौकोनांतून दोन पंजे कापून दोन्ही बाजूंना लावावेत आणि प्रत्येक बोटावर पिस्त्याचे टरफल चिकटवावे. नखे इतकी खरी दिसतात, की आमच्याकडे आलेल्या पाहुण्यांनी हात लावून पाहिला! एका कोपऱ्यावर मच्छरदाणीचा तुकडा ताणून लावला की जाळेही झाले.

आतली गंमत : कॅलेंडरच्या पानाच्या इंचभर रुंदीच्या दोन लांब पट्ट्या कापाव्या. त्यांची टोके काटकोनात चिकटवून एकीवर दुसरी अशी आलटून पालटून घडी घालीत जावे. कागदाची स्प्रिंग तयार होते. तिचे एक टोक तळाला कोपऱ्यात चिकटवावे आणि दुसऱ्यावर एक हसरा चेहरा लावावा. झाकण उघडताच तो वर उडी मारतो. बाहेरचे तोंड कितीही भयानक करा, आतले मात्र हसरेच हवे.

आत काय ठेवाल?

चिक्की, लाडू, रंगीत खडू, गोष्टीचे पुस्तक, जे द्यायचे ते ठेवा. खाऊ कागदात गुंडाळून ठेवावा, नुसता नको. पण शाळेत हा डबा करून घेताना मला जे कळले, तेही सांगते.

मी आठवड्यातून तीन दिवस एका शाळेत शिकवायला जाते. चौथीच्या हस्तकलेच्या तासाला सांगितले, "प्रत्येकाने आपापला बागुलबुवा करा. तुम्हाला ज्याची भीती वाटते तो." वर्गात हास्याचा कल्लोळ झाला. कुणी पाल केली, कुणी गल्लीतला कुत्रा केला. एकाने गणिताच्या पेपरालाच सुळे लावले. एक मुलगी मात्र डब्यावर काळा कागद लावून स्वस्थ बसली. डोळे नाहीत, दात नाहीत, काही नाही. मला वाटले हिचे साहित्य संपले. विचारले तर हळूच म्हणाली, "बाई, माझ्या बागुलबुवाला तोंडच नाही. लाइट गेली की येतो."

तिची आई कामावरून संध्याकाळी साडेसातला घरी येते. तोवर मुलगी एकटी. आईला या भीतीचा पत्ताच नव्हता. मी सांगितले तेव्हा त्या क्षणभर गप्प झाल्या आणि म्हणाल्या, "मला कधी बोलली नाही हो. मी दमून येते, म्हणून नसेल बोलली." मी त्यांना काय सांगणार? नोकरी सोडा म्हणून सांगणे सोपे असते, पण घर कसे चालते ते ज्याचे त्याला ठाऊक. आम्ही दोघींनी मिळून एवढेच ठरवले, की तो काळा डबा घरी न्यायचा आणि दाराजवळ तिचा हात पोहोचेल अशा ठिकाणी ठेवायचा. आईने त्यात एक टॉर्च ठेवला. मोठ्या अक्षरांत चिठ्ठी लिहिली, 'लाइट गेली तर टॉर्च लाव आणि समोरच्या आजींकडे जा. मी येतेच आहे.' समोरच्या आजींना तसे सांगूनही ठेवले.

पुढच्या आठवड्यात मुलीने मला गोळ्यांच्या पट्टीचा चंदेरी कागद मागितला. त्याचे दोन डोळे कापले. टॉर्चच्या उजेडात ते चमकतात म्हणे. "आता तो कुठे आहे ते कळतं, बाई," असे म्हणाली. तिची भीती गेली असे मी म्हणणार नाही. अंधार अंधारच असतो. पण आता त्या भीतीला डोळे आहेत, तिच्या पोटात टॉर्च आहे आणि आईला ती माहीत आहे.

म्हणून डबा करताना मुलाशी गप्पा मारा. "याला काय आवडतं? हा कुठे राहतो? कधी येतो?" असे सहज विचारा. बहुतेक वेळा उत्तरे ऐकून हसू येईल. पण एखाद्या वेळी बागुलबुवाला खऱ्या माणसाचे तोंड निघते. शिकवणीचे सर, ओळखीचे काका, जिन्यात थांबणारा मोठा मुलगा. तेव्हा हसण्यावारी नेऊ नका, आणि "काहीतरीच काय!" म्हणून दटावूही नका. हातातले काम तसेच ठेवा, मुलाला जवळ घेऊन एकटीने शांतपणे ऐका आणि त्याच्यावर विश्वास ठेवा. मदत लागली तर १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा फोन आहे. तो सगळ्यांनीच भिंतीवर लिहून ठेवावा.

एवढे सांभाळा

डब्यात पणती किंवा मेणबत्ती लावू नये. पुठ्ठा, शेंडी, कापड, सगळेच पेट घेणारे आहे. डोळे चमकवण्यासाठी बटणासारख्या चपट्या सेलचे दिवेही लहान मुलांच्या हाती देऊ नयेत. असा सेल गिळला गेला तर थोड्या वेळात अन्ननलिका आतून भाजते. तसा संशय जरी आला तरी तडक इस्पितळ गाठावे.

घरात चार वर्षांखालचे मूल असेल तर बिया, बटणे आणि टरफले टाळावी. दात पांढऱ्या कागदाचे करावेत आणि डोळे रंगवावेत.

कटर मोठ्यांनीच चालवावा. मुलांना बोथट टोकाची कात्री द्यावी.

सजावटीला थर्माकोल आणू नये. २०१८ साली महाराष्ट्रात प्लॅस्टिकबरोबर त्यावरही बंदी आली. आपला डबा कागद-कापडाचा आहे. जुना झाला की बटणे आणि झाकणे काढून बाकीचा पुठ्ठा रद्दीत देता येईल.

आणि शेवटचे, पण महत्त्वाचे. ज्या घरात नुकतेच कुणी गेले असेल, किंवा मूल मोठ्या दुखण्यातून उठले असेल, तिथे हा डबा भेट म्हणून नेऊ नये. त्या घरी फुलांचा डबा न्यावा. आणि कोणत्याही मुलाला अंधारात अचानक हा समोर धरून दचकवू नये. मोठ्या माणसांना यात फार मौज वाटते, पण मग बागुलबुवा पुन्हा मोठ्यांच्याच हातात गेला, नाही का?

वाळवण्याचा वेळ धरून या डब्याला तीन दिवस लागतात. प्रत्यक्ष काम मात्र रोज तासाभराचेच. पहिला दिवस कापण्याचा, दुसरा कागद लावण्याचा आणि तिसरा सगळा मुलांचा. त्या दिवशी घरभर शेंडीचे केस आणि फेव्हिकॉलची बोटे दिसतील. तेवढे चालवून घ्या.

कापताना उरलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या फेकू नका. पुढच्या वेळी त्यांतून मसाल्याच्या बाटल्यांसाठी कप्पे करू. तोवर तुमचा बागुलबुवा झाला, तर त्याला किती दात आहेत ते पत्राने जरूर कळवा!